मुकादमची नखं

चार दिवसांपासून मुकादमच्या पुढच्या पायांवर केशरी छटा दिसायला लागली आहे. आधी वाटलं, खिडकीच्या पडद्याचा रंग पडला असेल. पडदा सरकवला, तरी रंग तिथेच. पोपटी कापडाला धुताना भगव्याचा डाग लागावा, इतपतच तो होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता, पण तीस वर्षं कापड हाताळणाऱ्या बाईच्या नजरेतून असले डाग सुटत नाहीत. परवापासून त्याच्या गळ्याखालची झालर ताठ झाली. काल तो शिवणाच्या मशीनवर चढून माझ्याकडे बघत ठसक्यात मान वरखाली करू लागला. म्हणजे माजाचा मोसम आला. थंडी पडली की मसोलीतले लोक पेटीतून स्वेटर काढतात. मी माझ्या वडिलांचे हात तपासायला लागते.

मुकादम म्हणजे आमचा इग्वाना, घोरपडीएवढा परदेशी सरडा. नर आहे, डोक्यापासून शेपटीपर्यंत साडेचार फूट होता. होता म्हणते, कारण आता तेवढा नाही. ते पुढे येईलच.

काल बोर्डीहून मनहरभाईंचा फोनही आला. त्यांची तिथे चिकूची मोठी वाडी आहे, वाडीत जाळीची खोली आहे आणि असली जनावरं पाळायची हौस तर जाळीत मावणार नाही एवढी. "बेन, थंडी आली ने? तुमचा भाई गरम झाला असेल. उद्या तलासरीला जायचंय, येताना घेऊन जाऊ का?" मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवला आणि बाबांकडे बघितलं. ओटीवर उन्हात बसून ते जास्वंदीच्या फुलांचे देठ काढत होते. फुलं मुकादमला आवडतात. बाबांनी मान वर केली नाही, पण देठ काढणारी बोटं थांबली होती.

मागच्या थंडीत याच ओटीवर, याच फोनवर मी त्यांना घेऊन जा म्हटलं होतं.

हे जनावर घरात आणलं माझ्या लेकीनं, तन्वीनं. तिच्या मुंबईच्या मैत्रिणीच्या घरी ते नकोसं झालं होतं. वनखात्याकडची नोंद, कागदपत्रं वगैरे सगळं रीतसर करून तिनं वीतभर लांबीचं पिल्लू खोक्यातून आणलं. "एवढंसंच राहणार का गं?" असं मी विचारलं होतं, तेव्हा ती खोकली. त्या खोकल्याचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला. मग ती जनावरांची डॉक्टर व्हायला परभणीला गेली आणि जनावर माझ्याकडे राहिलं. माझा नवरा वापीच्या कारखान्यात पाळीवर असतो. मुकादमला हाताळण्यातला त्याचा वाटा एवढाच, की दारात उभं राहून "सांभाळून हं" म्हणायचं.

जायच्या आधी तन्वीनं मला पंधरा दिवस शिकवलं. पॅटर्न कापायच्या खाकी कागदावर टेलरच्या खडूनं लिहून तो कागद मशीनच्या वर टांगला. वरून हात घालायचा नाही, वरून येते ती घार, असं त्याच्या रक्तातच आहे. बाजूनं जायचं, आपण येतोय हे त्याला दिसू द्यायचं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. अंग अधांतरी राहिलं की तो घाबरतो आणि घाबरला की जे सापडेल त्याला नखं रुतवून चढतो, मग ते सापडलेलं तुमचं मनगट का असेना. नखांची टोकं पंधरवड्यानं कानशीनं घासायची. कुठे घट्ट धरून बसला असेल, तर ओढायचं नाही. एकेक बोट सोडवायचं, मागच्या पायापासून. आणि मोसमात शक्यतो हातात घ्यायचंच नाही, घ्यावंच लागलं तर जाड कापडातून. कागदाच्या तळाशी तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: शेपटीला हात नाही.

हे सगळं माझ्यासाठी होतं. तेव्हा बाबा इथे नव्हते.

बाबा झरीचे. टेकडीच्या उतारावर भात आणि नाचणी करत आयुष्य गेलं. कमरेला आकडी, आकडीत कोयता. तो कोयता मी त्यांच्या कमरेवरून फक्त झोपताना उतरलेला बघितला आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आसपास छातीत दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि हृदयातली झडप बदलावी लागली. त्यानंतर रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, ती कायमची. दर महिन्याला डहाणूत रक्त तपासायचं. भाऊ झरीला शेती बघतो. तिथल्या घराला भूकंपाच्या हादऱ्यांनी आडवी भेग गेली आहे. दवाखाना लांब. तेव्हा मीच म्हटलं, बाबा माझ्याकडे राहतील.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना ओरखडासुद्धा नको. तुम्हाआम्हाला जे पाच मिनिटांत थांबतं, ते यांचं लवकर थांबणार नाही." मी घरी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे कोयता काढून घेतला. मग दाढीचं ब्लेड, मग नारळ सोलायची पहार. बाबांनी एकेक वस्तू मुकाट्यानं दिली. कोयता देताना आकडीसुद्धा सोडून दिली. रिकामी आकडी कशाला, असं म्हणाले. मग दोन्ही तळवे पुढे धरून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता या हातांचं काय करू?"

मी म्हटलं, आराम करा. याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं.

महिनाभर ते ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले. जेवण निम्मं झालं. मग एक दिवस मी शिवणाचा क्लास संपवून आत आले तर ते मुकादमच्या जाळीच्या कपाटासमोर मांडी घालून बसलेले. त्यांनी त्याला शेवग्याचा पाला घातला होता आणि तोही अगदी मालकासारखा सावकाश खात होता. "हा मुकादम हाय," बाबा म्हणाले. "स्वतः काय करत नाय, पण नजर सगळीकडं." त्या दिवसापासून तन्वीनं ठेवलेलं इंग्रजी नाव घरातून गेलं. त्या संध्याकाळी बाबांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. या दोन गोष्टी इतक्या एकत्र शिवल्यासारख्या आल्या, की उसवून वेगळ्या करता येईनात. जे जनावर बाबांना ओटीवरून उठवत होतं, त्याच्या अठरा बोटांना बाभळीच्या काट्यांसारखी नखं होती.

बरोबर, अठराच. मागच्या एका पायाची दोन बोटं लहानपणीच कुठे तरी गेली होती. बाबांनीच ती मोजली.

मी नवऱ्याच्या जुन्या दोन जीन्स उसवल्या. बाबांच्या हातांचं माप घेतलं, मनगट, कोपर, दंड. दुहेरी कापड, मध्ये गोधडीचा तुकडा, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. दंडापासून बोटांच्या पेरांपर्यंत येतील अशा बाह्या शिवल्या. बाबांनी त्या उलटसुलट करून बघितल्या, शिवण चांगली असल्याचं सांगितलं आणि माझ्या हातात परत दिल्या.

"जनावराला हात कळतो. कापड नाय कळत."

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते…"

"अगं, मी घोरपडी धरल्यात. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरायच्या, अंड्यांसाठी. अशी शेपटीला धरली, उचलली, आणि ओढ्यापल्याड नेऊन सोडली. एकदा नाय नखं लागली."

ते खोटं बोलत नव्हते. त्या काळी सगळेच घोरपडी ओढ्यापल्याड सोडत नसत, हेही खरं. पण बाबा सोडायचे. लहानपणी मी त्यांच्या मागून जायची. घोरपड हातभर लांब धरलेली, तिचं डोकं खाली, पाय हवेत फिरताहेत, आणि बाबा शांतपणे चाललेत. शेपटीला धरायची, अंगापासून लांब ठेवायची. आमच्याकडे कुणालाही विचारा, हेच सांगेल. घोरपडीची शेपटी दोरासारखी चिवट असते. मी खाकी कागदाकडे बोट दाखवलं. "याच्या शेपटीला हात लावायचा नाही म्हणून तन्वीनं लिहिलंय." बाबांनी मान डोलावली. ते वाचू शकत नाहीत आणि नातीनं ते का लिहिलंय, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, चाबकासारखी मारतो म्हणून लिहिलं असेल. मलाच पुरतं माहीत नव्हतं.

मग थंडी पडली आणि मुकादम केशरी झाला. एरवी बाबांच्या हातातून फूल खाणारा प्राणी तोंड उघडून, अंग चपटं करून कपाटाच्या दारावर धावून यायला लागला. शेपटीचा फटका जाळीवर बसला की पलीकडच्या खोलीत माझी सुई चुके. मी क्लासमध्ये मुलींना गळ्याचा गोल कापायला शिकवत असे, आणि कान सगळे आतल्या खोलीकडे. बाबांचं खाकरणं ऐकू आलं की जीव भांड्यात पडे. जरा वेळ काही ऐकू आलं नाही की हातातली कात्री ठेवून मी आत. रोज त्यांच्या हातांवर नजर फिरवायची सवय लागली. चहा देताना, जेवण वाढताना, गोळी देताना. ते एकदा म्हणाले, "पोलीस पण इतकं बगत नाय." मी हसले नाही.

शेवटी मी मनहरभाईंना फोन केला. येत्या बुधवारी घेऊन जा, म्हटलं. बाबांना मंगळवारी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." मग उठून त्यांनी उद्यासाठी शेवग्याचा पाला तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. तिकडे नव्या जागी लगेच खाणार नाही, असं म्हणाले. त्या रात्रीही ते निम्मंच जेवले.

बुधवारी दुपारी, जेवणं झाल्यावर मी मुकादमला उन्हासाठी कपाटातून मोकळं सोडलं होतं. तो खिडकीच्या मच्छरजाळीला चिकटून ऊन घेत होता. बाबा ओटीवर. मी मशीनवर एका गणवेशाची बाही लावत होते. आधी मांडणीतली ताटं थरथरली. मग खालून कुणी तरी धक्का दिल्यासारखं झालं, आणि छपरातून बारीक माती पडली. आमच्या भागात याचं आता कुणाला नवल नाही. हादरा बसला की हातातलं टाकून अंगणात यायचं, हे लहान पोरंसुद्धा जाणतात. मी मागच्या दारानं बाहेर आले. शेजारपाजारचे सगळे आपापल्या अंगणात उभे. मी वळसा घालून पुढे आले, बाबांना हाक मारत. ओटी रिकामी होती.

सगळे बाहेर येतात तेव्हा आत जाणारा माझा बापच.

मी दारात पोचले तेव्हा ते खिडकीशी उभे होते. मुकादम जाळीत नखं रुतवून ताठ झालेला. बाबांनी उघड्या हातानं त्याची शेपटी पकडली होती, अगदी बुडाशी, मुठीत, घोरपडीची धरावी तशी. "चल, चल बाहेर," ते त्याला म्हणत होते, पोराला म्हणावं तसं. मी ओरडले, ओढू नका. त्यांनी ओढलं होतं. हिरवी शेंग मोडावी तसा बारीक आवाज झाला आणि बाबा एक पाऊल मागे गेले. हातात अडीच फूट शेपटी. ती वळवळत होती. मुकादम जाळीवरून सुटून त्यांच्या डाव्या हातावरून धावत वर गेला, खांद्यावरून पडद्याच्या दांडीवर.

मला रक्त लगेच दिसलं नाही. आधी चार पांढऱ्या रेघा दिसल्या, कोपरापासून मनगटापर्यंत. मग त्या लाल झाल्या, आणि मग हातावरून खाली ओघळायला लागलं.

मशीनवरचं पांढरं पॉपलिन मी चारपदरी करून दाबलं. हात वर धरायला लावला. ते भिजलं, त्यावर दुसरं. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. मसोलीपासून दवाखान्यापर्यंतचं अंतर ते केवढं. पण पुढे चिकूच्या क्रेटचा टेम्पो वळत होता आणि वळता वळत नव्हता. मी दोन्ही हातांनी दाबून बसले होते. माझ्या बोटांना त्यांची नाडी लागत होती. प्रत्येक ठोक्याला कापड जरा गरम होत होतं. मला त्या वेळी कुणाचाही इतका राग आला नव्हता जितका माझा आला. कोयता काढून घेतला, ब्लेड काढून घेतलं, आणि तन्वीला दोन मिनिटं विचारून जे सांगता आलं असतं ते सांगितलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. उजव्या मुठीत शेपटी तशीच होती, अजून मधूनच हलणारी. "मी मारलं गं त्याला," ते म्हणाले. पुन्हा पुन्हा तेच.

रक्त थांबायला तासाहून जास्त वेळ लागला. दाबून धरलेले हात बदलत राहिले, माझे, नर्सबाईंचे, पुन्हा माझे. टाके पडले, बँडेज झालं, रक्ताची तपासणी झाली. डॉक्टर मला बोलले, आणि बोलण्यासारखंच होतं. मी तिथूनच तन्वीला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, आजोबांना सांग, तो मेला नाही. शेपटी तो स्वतः सोडतो, जीव वाचवायला. पुन्हा येते." मी फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांनी दोनदा विचारलं, "येते? परत येते?" आणि मग कुठे मूठ उघडली.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मनहरभाई टेम्पोतून क्रेट घेऊन आले. बाबा ओटीवर, हात गळ्यात. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "घेऊन जा, शेठ. माझ्याकडं ऱ्हायला तर माझ्या हातून जाईल तो." मला तोवर वाटत होतं, मुकादमनं बाबांना काही करू नये म्हणून त्याला घालवायचं. बाबा त्याला घालवायला तयार झाले ते स्वतःच्या हातांपासून वाचवायला. मी आत जाऊन उगाच चहा ठेवला, कारण मला रडू येत होतं.

मनहरभाईंनी दांडीवर बसलेल्या मुकादमकडे खालून बॅटरी मारून बघितलं. "ना, बेन. जखम ओली छे. अत्ता हलवला तर वाटेतच जाईल. भरू द्या. पुढच्या थंडीत बघू." चहा पिऊन रिकामा क्रेट घेऊन ते गेले.

ती पुढची थंडी म्हणजे ही.

मधल्या वर्षाचं काय सांगू? शेपटी आली, पण ठिगळ लावल्यासारखी. वीतभरच वाढली, काळपट, पट्टे नसलेली. बाबांच्या हातावर चार रेघा राहिल्या. मी खाकी कागद वाचून दाखवला, प्रत्येक ओळ आणि प्रत्येक ओळीचं कारण. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एका ओळीवर ते थांबले. "ओढायचं नाय, एकेक बोट सोडवायचं," त्यांनी ते स्वतःशी म्हटलं. मला त्या वेळी झरी आठवलं. ऑपरेशननंतर बाबांना आणायला मी गाडी घेऊन गेले होते, सामान अर्ध्या तासात भरलं होतं, आणि ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. मी म्हटलं होतं, चला ना बाबा, उशीर होतो. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली नाहीत. ओढून आणलं. काही तरी तिथे चौकटीत राहिलं असणार. हे मी त्यांना कधी बोलले नाही. इथे लिहिते आहे.

आज सकाळी उठले तेव्हा मनात ठरवून टाकलं होतं. मनहरभाईंना हो म्हणायचं. पुन्हा ती रिक्षा नको, ते पॉपलिन नको. चहा घेऊन ओटीवर आले तर बाबा तिथे नव्हते. आत धावले. ते कपाटासमोर बसले होते, कपाट बंद होतं, आणि शेजारी कानस, जाड टॉवेल आणि वर्षापूर्वीच्या त्या जीन्सच्या बाह्या नीट मांडून ठेवलेल्या.

"नखं वाढलीत," ते म्हणाले. "पुरता तापायच्या आधी घासली पायजेत. तू अंग धर, मी पाय धरतो. मला एकट्याला जमायचं नाय." मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे लांब केले. "घाल."

मी बाह्या चढवल्या. उजवी बसली. डावी कोपराखाली घसरली.

"ही सैल झाली गं," बाबा म्हणाले.

बाही तीच होती. हात तो नव्हता. एका वर्षात दोन बोटं तरी उतरला होता. मी बाही काढून मशीनवर बसले. सुईत दोरा जाईना. डोळ्यांचा दोष असेल, असं म्हणून डोळे पुसले. दोन बोटं आत घेतली, दुहेरी टीप मारली, पुन्हा घातली, इलॅस्टिक ओढून बघितलं. बसली.

मग कपाट उघडलं. मुकादमनं अंग चपटं केलं. आम्ही बाजूनं गेलो, हळू, त्याला दिसू देत. बाबा तोंडानं बारीक चुकचुकत होते. मी टॉवेल पसरला, छातीखाली हात सरकवला. तो अर्ध्यातच थांबला. "तुझं घाबरणं त्याला कळतं," बाबा पुटपुटले. मी हात पुढे नेला. मुकादम कपाटातल्या फांदीला धरून होता. बाबांनी मागच्या पायापासून सुरुवात केली. एक बोट. दुसरं. जीन्सवर नख करकरलं, मी डोळे मिटले, उघडले. कापड शाबूत होतं. तिसरं. चौथं. ते मोजत होते, घाई न करता, कोयत्यानं पेंढीचा बंध कापावा इतक्या सरावानं. अठरावं बोट सुटलं आणि मुकादमचं सगळं वजन माझ्या हातांवर आणि बाबांच्या हातांवर आलं.

मशीनवरचा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर मनहरभाईंचं नाव होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी नजर मुकादमच्या पायांवरून हलवली नाही.

"वाजू दे," ते म्हणाले. "मागनं सांग त्याला, आमचं हात मोकळं नव्हतं."